प्रोसेस ९०० एमबीची, तरी २ जीबीचा कंटेनर ओओएम: सॉकेट मेमरीच्या हिशेबाचं एक प्रकरण

आधी सेटअप सांगतो. टेलिमेट्री, म्हणजे डिव्हाइसनी पाठवलेली माहिती, गोळा करणारी एक सर्व्हिस, लिनक्सवर, कंटेनरमध्ये (स्वतंत्र, मर्यादा घातलेल्या कप्प्यात). हजारभर डिव्हाइस टीसीपी कनेक्शन कायम उघडं ठेवून बसतात, अधूनमधून शंभरेक बाइटचा छोटासा मेसेज पाठवतात, सर्व्हिस तो वाचते, थोडी छाननी करते आणि मागच्या स्टोरेजकडे ढकलते. मशीन ६४ जीबीचं, आणि त्यावर इतर टीमचेही बरेच कंटेनर. या सर्व्हिसला २ जीबीची मर्यादा दिलेली. सगळं सुरळीत चालू होतं, मग होस्टची ओएस अपग्रेड झाली आणि त्यात सीग्रुप (कंटेनरचा मेमरी वापर मोजणारी आणि त्यावर मर्यादा लावणारी कर्नलची सोय) व्ही१ जाऊन व्ही२ आलं. हे मुद्दाम कोणी केलं नव्हतं, नव्या डिस्ट्रोमध्ये डिफॉल्टच तसं आहे त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे कंटेनर अधूनमधून ओओएम (आऊट ऑफ मेमरी, म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारणं) होऊन मरायचा. दुसरं म्हणजे मरायच्या आधी काही वेळ डिव्हाइसकडून येणारा डेटा अडखळत यायचा, एक सेकंद रांगायचा, मग पळायचा, परत रांगायचा. ॲप टीमने अर्थातच मेमरी लीक धरलं, हीप डंप (प्रोसेसने स्वतः घेतलेल्या मेमरीची नोंद) काढले, त्यात काहीच सापडलं नाही. टीममधल्या एकाने ग्रुपवर टाकलं, "दादा, टॉपमध्ये प्रोसेस ९०० एमबी दाखवतंय, लिमिट २ जीबी आहे, मग मारला कोणी आणि का?" प्रश्न एकदम रास्त होता.

उत्तर खरं तर लॉगमध्येच होतं. सीग्रुपच्या मर्यादेमुळे ओओएम होतो तेव्हा कर्नल डीमेस्गमध्ये (स्वतःच्या लॉगमध्ये) त्या सीग्रुपचा अख्खा मेमरी.स्टॅट, म्हणजे मेमरी कशात गेली त्याची यादी, छापतं, पण लोक "किल्ड प्रोसेस" वाली ओळ वाचून थांबतात. आम्ही ती यादी नीट वाचली. एनॉन साधारण ९०० एमबी, म्हणजे हीप वगैरे, टॉपशी जुळतंय. फाइल २५० एमबीच्या आसपास, हे लॉग फाइल लिहिण्याचं पेज कॅश (फाइलची रॅममध्ये ठेवलेली पानं). स्लॅब, म्हणजे कर्नलची स्वतःची छोटी स्ट्रक्चर, शंभरेक एमबी. आणि मग एक ओळ, सॉक, ७५० एमबीच्या घरात. सगळं मिळून २ जीबीला टेकलं. हे ७५० एमबी ना टॉपमध्ये दिसतं ना हीप डंपमध्ये, कारण ते प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसमध्ये नाहीच, कर्नलने सॉकेटच्या रांगांमध्ये धरून ठेवलेले बफर आहेत ते.

मग अपग्रेडच्या आधी हे का होत नव्हतं? होत होतं की. बफर तेव्हाही तेवढेच भरत असणार, फक्त ते या कंटेनरच्या खात्यावर लागत नव्हते. सीग्रुपनिहाय टीसीपी मेमरी मोजायची सोय कर्नल ३.३ मध्ये, म्हणजे २०१२ मध्ये आली, पण व्ही१ मध्ये ती वेगळ्या काउंटरवर होती आणि मेमरी.केमेम.टीसीपी.लिमिट_इन_बाइट्स मध्ये तुम्ही स्वतःहून आकडा टाकल्याशिवाय मोजणी सुरूच होत नसे. तो आकडा टाकणारे लोक फार थोडे. कर्नल ४.५ पासून, २०१६ पासून, व्ही२ मध्ये सॉकेट मेमरी आपोआप मोजली जाते आणि थेट मेमरी.करंटमध्येच (सीग्रुपच्या एकूण वापरात) मिळवली जाते, हीप, पेज कॅश, सॉकेट सगळं एकाच मर्यादेत. माझ्या मते हे डिझाइन बरोबर आहे, कारण रॅम शेवटी एकच असते. पण व्ही१ च्या काळात ठरवलेली २ जीबीची मर्यादा तशीच व्ही२ वर नेली की तिचा अर्थच बदलतो, आणि हे अपग्रेडच्या चेकलिस्टमध्ये कुठेच नव्हतं.

आता ७५० एमबी भरले कशाने, कारण मेसेज तर शंभर बाइटचे. यासाठी कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच्या वेगळ्या नेटवर्क कप्प्यात) शिरून एसएस ही सॉकेटची माहिती देणारी कमांड एम फ्लॅगसकट चालवली. एक कनेक्शन जवळून बघू. रिसीव्ह क्यूमध्ये न वाचलेला डेटा १,२०,००० बाइट, म्हणजे बाराशे मेसेज ॲपने उचलायचे बाकी आहेत. त्याच ओळीत पुढे एसकेमेममध्ये (त्या सॉकेटच्या मेमरीच्या हिशेबात) आर चा, म्हणजे आलेल्या डेटाने अडवलेल्या मेमरीचा, आकडा २७,६४,८००. सव्वा लाखाच्या आत डेटा आणि हिशेबात पावणेअठ्ठावीस लाख बाइट! हा फरक ट्रूसाइझचा. कर्नल सॉकेटच्या नावावर पॅकेटमधला मजकूर लावत नाही, त्या पॅकेटसाठी खरोखर जेवढी मेमरी अडली ती लावतं. ड्रायव्हरने प्रत्येक पॅकेटसाठी २०४८ बाइटचा तुकडा घेतलेला असतो, वर एसकेबफचं (कर्नलमधल्या पॅकेटच्या नोंदीचं) स्ट्रक्चर २५६ बाइटचं, झाले २३०४. मेसेज शंभर बाइटचा असो की चौदाशेचा, तेवढी जागा गेलीच. बाराशे गुणिले २३०४, बरोबर २७,६४,८००. ड्रायव्हरप्रमाणे हा आकडा बदलतो, काही ठिकाणी पॅकेटमागे अख्खं ४ केबीचं पान जातं, मग तर विचारूच नका. अशी पावणेतीनशे कनेक्शन असली की ७५० एमबी होतात, आणि इथे हजार होती.

त्याच ओळीत आरबी चा आकडा होता ८३,८८,६०८, म्हणजे या सॉकेटला ८ एमबीपर्यंत साठवायची परवानगी. कर्नलचं डिफॉल्ट टीसीपी_आरमेम (रिसीव्ह बफरचा किमान, सुरुवातीचा आणि कमाल आकार) सहसा ४०९६, १३१०७२, ६२९१४५६ असं असतं, म्हणजे सुरुवात १२८ केबी आणि कमाल ६ एमबी, मग ८ आले कुठून? कोडमध्ये एसओ_आरसीव्हीबफ (सॉकेटचा रिसीव्ह बफर ठरवणारा पर्याय) ४ एमबी सेट केलेलं सापडलं, कधीतरी कोणीतरी "परफॉर्मन्ससाठी" म्हणून टाकलेलं, आणि ते चालावं म्हणून होस्टवर आरमेम_मॅक्सही (अशा आकड्याची वरची मर्यादा) वाढवून ठेवलेलं. यात दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. तुम्ही दिलेल्या आकड्याची कर्नल दुप्पट करतं, कारण त्याला वरचा खर्च धरायचा असतो, म्हणून ४ चे ८ झाले. आणि हा पर्याय वापरला की त्या सॉकेटचं ऑटोट्यूनिंग (गरजेप्रमाणे बफर आपोआप वाढवणं) बंद होतं, म्हणजे गरज नसली तरी तो ८ एमबीपर्यंत भरू शकतो. शंभर बाइटच्या मेसेजला ८ एमबीचा बफर कशाला हवा ते कोणालाच सांगता आलं नाही.

ओओएमचा क्रम कसा होता तेही सांगतो, कारण सॉकेट भरला आणि लगेच ओओएम झाला असं नसतं. मागचं स्टोरेज जरा हळू झालं की ॲपचे वर्कर अडकतात, सॉकेट वाचायचे थांबतात, पॅकेट तर येतच राहतात, सॉक वाढत जातं, मेमरी.करंट मर्यादेला जाऊन टेकतं. सॉकेटच्या रांगेतली मेमरी कर्नलला परत घेता येत नाही, ती ना स्वॅपमध्ये जाते ना डिस्कवर फेकता येते, फार तर सॉकेटच्या आतल्या आत आवळाआवळ करता येते. मग पेज कॅशवर गदा येते, त्यातलं सुटण्यासारखं संपलं की प्रोसेसने हीपसाठी अगदी साधं एक पान मागितलं तरी द्यायला काही उरत नाही, आणि तिथे ओओएम. मरते ती प्रोसेस, स्टॅक ट्रेसमध्ये दिसतो पेज फॉल्ट, आणि नेटवर्कचं नावसुद्धा येत नाही. म्हणून हीप डंप काढत बसतात लोक.

अडखळण्याचं कारण मात्र याहून बारीक आहे आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सीग्रुप मर्यादेजवळ आला की कर्नल त्यातली पानं परत मिळवायला सुरुवात करतं आणि किती पानं तपासली त्यातली किती सुटली याचं प्रमाण व्हीएमप्रेशर नावाचा भाग मोजतो. तपासलेल्यांपैकी ६० टक्के किंवा जास्त पानं सुटली नाहीत की पातळी मध्यम, ९५ टक्क्यांवर गेलं की गंभीर. मध्यम झालं की त्या सीग्रुपच्या सॉकेटवर एक खूण लागते, सॉकेट_प्रेशर, आणि ती पुढचा एक सेकंद लागू राहते. त्या सेकंदात टीसीपी हात आखडता घेतं, पाठवायचे बफर वाढवत नाही आणि समोरच्याला द्यायची रिसीव्ह विंडो (समोरच्याने एकावेळी किती पाठवावं त्याची मुभा) चार सेगमेंटपर्यंत, म्हणजे टीसीपीच्या चार तुकड्यांपर्यंत, खाली आणतं. आधी जाहीर केलेली विंडो परत घेता येत नाही, पण ती वापरून झाली की पुढची मिळते ती चार गुणिले १४६०, म्हणजे ५,८४० बाइटच्या आसपास. राउंड ट्रिप (पॅकेट जाऊन उत्तर येण्याचा वेळ) ४० मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाला पंचवीस फेऱ्या, म्हणजे १,४६,००० बाइट, दीडशे केबीसुद्धा नाही. एक सेकंद रांगणं आणि मग पळणं हे इथून आलं. आणि गंमत नाही, खरंच लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की हा दाब सॉकेटमुळेच आला असं काही नसतं, लॉग फाइलचं पेज कॅश उपसताना जरी पानं सुटेनाशी झाली तरी शिक्षा नेटवर्कला होते, कारण खातं एकच आहे.

मग नोसॉकेट लावलं

एवढं सगळं कळायच्या आधी ओओएम थांबवायची घाई होती, त्यात प्लॅटफॉर्म टीममधल्या कोणीतरी कर्नल बूट पॅरामीटर शोधून काढला, सीग्रुप.मेमरी=नोसॉकेट. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो रीतसर आहे, काही चोरवाट नाही. लावला, मशीन रीबूट केलं, ओओएम बंद, अडखळणंही बंद. सगळ्यांना हायसं वाटलं आणि विषय मिटला असं धरलं गेलं.

नोसॉकेटने नेमकं काय होतं ते बघू. तो लावला की सॉकेट बनताना त्याला मेमरी सीग्रुप जोडलाच जात नाही. बफर कोणाच्याच नावावर लागत नाहीत, मेमरी.स्टॅटमधलं सॉक सगळीकडे शून्य, आणि सॉकेट_प्रेशरची खूणही त्यांना लागू नाही. सॉकेटचं स्वतःचं स्ट्रक्चर, फाइल, आयनोड वगैरे स्लॅबमधलं मात्र मोजलं जातंच, कारण ते केमेमच्या (कर्नलच्या स्वतःच्या मेमरीच्या) हिशेबात येतं, त्यासाठी वेगळा नोकेमेम आहे. आणि हा स्विच अख्ख्या मशीनचा आहे, बूटच्या वेळचा आहे, एका कंटेनरपुरता लावता येत नाही, चालू मशीनवर फिरवताही येत नाही. म्हणजे एका सर्व्हिसच्या त्रासापायी त्या होस्टवरच्या सगळ्या टीमचा हिशेब बंद झाला, आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. तक्रार एका टीमची असेल तर उपाय तिच्याच हद्दीत राहायला पाहिजे.

बफर काही कमी झाले नाहीत, ते बेवारस झाले. ॲप तसंच हळू वाचतंय, एसओ_आरसीव्हीबफ तसंच ४ एमबी, फक्त आता त्यावर कंटेनरची २ जीबीची भिंत नाही. मग भिंत उरली कुठली, तर टीसीपीची ग्लोबल. टीसीपी_मेम म्हणून तीन आकडे असतात, पानांमध्ये मोजलेले, आणि कर्नल ते बूटच्या वेळी रॅमवरून स्वतः काढतं. मधला आकडा उपलब्ध पानांचा सोळावा भाग, म्हणजे ६.२५ टक्के, खालचा त्याचा पाऊण आणि वरचा खालच्याच्या दुप्पट. ६४ जीबीच्या मशीनवर ढोबळ मानाने ३ जीबी, ४ जीबी, ६ जीबी. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, पण अंदाज हाच. मधली रेषा ओलांडली की टीसीपीवर मेमरी प्रेशर जाहीर होतं, खालच्या रेषेच्या खाली आल्याशिवाय ते उठत नाही, आणि वरची ओलांडली की नवीन वाटप नाकारायला सुरुवात होते.

आणि हे प्रेशर सगळ्या होस्टचं असतं. टीसीपी_आरमेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेम (पाठवायच्या बाजूचं तसंच) कर्नल ४.१५ पासून नेटवर्क नेमस्पेसनिहाय आहेत, पण टीसीपी_मेमची मोजणी एकच, सगळ्या कंटेनरना मिळून.

पुढे व्हायचं तेच झालं. एकदा मागचं स्टोरेज नेहमीपेक्षा जास्त वेळ अडलं, या सर्व्हिसने वाचणं थांबवलं, रांगा भरत गेल्या. ८ एमबीचे ५१२ सॉकेट भरले की ४ जीबी पूर्ण, इथे हजार. एवढे भरायला फार डेटाही लागत नाही, ८ एमबीत २३०४ चे साधारण ३,६४० पॅकेट बसतात, म्हणजे एका डिव्हाइसकडून जेमतेम साडेतीनशे केबी खरा डेटा आला की त्याचा सॉकेट फुल. मधली रेषा ओलांडली गेली आणि होस्टवरच्या ज्या कंटेनरचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या सगळ्यांच्या विंडो आक्रसल्या. एका टीमचा डेटाबेस रेप्लिकेशनमध्ये मागे पडायला लागला, दुसऱ्यांचे हेल्थ चेक टाइमआउट, डीमेस्गमध्ये टीसीपी आऊट ऑफ मेमरी, टीसीपी_मेम ट्यून करा असा मेसेज. एका कंटेनरची चूक त्या कंटेनरपुरती राहावी यासाठीच तर सीग्रुप असतात, आणि ती सोय आपणच काढून टाकलेली होती.

शोधायला गेल्यावर दुसरी अडचण. प्रॉक/नेट/सॉकस्टॅटमध्ये टीसीपीच्या ओळीत मेम चा आकडा दहा लाख पानांच्या वर दिसतोय, म्हणजे एकूण खर्च कळतोय, पण कोणाचा ते कळत नाही, कारण सगळ्या सीग्रुपमध्ये सॉक शून्य. शेवटी प्रत्येक कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये शिरून एसएस चालवून आर च्या आकड्यांची बेरीज करत बसावं लागलं. भर प्रॉडक्शनच्या गोंधळात. व्ही२ च्या हिशेबात हेच काम एका लूपमध्ये झालं असतं, सगळ्या मेमरी.स्टॅटमधलं सॉक काढा, उतरत्या क्रमाने लावा, पहिलं नाव बघा.

परत हिशेब चालू करताना

नोसॉकेट काढायचं ठरलं, पण नुसतं काढलं असतं तर पहिल्या दिवसाचा ओओएम परत आला असता, म्हणून आधी सर्व्हिसची बाजू नीट केली.

एसओ_आरसीव्हीबफ कोडमधून काढलं. त्याऐवजी ऑटोट्यूनिंगवर सोडलं आणि त्याची कमाल त्या कंटेनरच्या नेमस्पेसपुरती टीसीपी_आरमेमच्या तिसऱ्या आकड्याने १ एमबीवर आणली. कंटेनरच्या आतून सहसा हे लिहिता येत नाही, प्रॉक/सिस रीड ओन्ली असतं, रनटाइमच्या सिसकंट्रोल सेटिंगमधून द्यावं लागतं. आणि आधीपासून उघड्या सॉकेटचा बफर यामुळे लहान होत नाही, सर्व्हिस रीस्टार्ट करायचीच. १ एमबी पुरेल का हा प्रश्न आला, तर शंभर बाइटचे मेसेज अधूनमधून पाठवणाऱ्या डिव्हाइसला ४० मिलिसेकंदांच्या राउंड ट्रिपवर एकावेळी वाटेत असणारा डेटा काही केबीसुद्धा नसतो. मोठा बफर लागतो तो लांबच्या आणि जाड लिंकवर मोठ्या फाइल ओढायला, आणि ती गरज ज्यांना आहे त्यांनी आपापल्या नेमस्पेसमध्ये वाढवावं.

मग मर्यादेचा नवा हिशेब. हीप ९००, पेज कॅश २५०, स्लॅब १००, आणि सॉकेटचं वाइटात वाईट म्हणजे हजार गुणिले १ एमबी, हजार. पाठवायच्या बाजूला फक्त छोट्या पोचपावत्या जातात म्हणून तिकडचं नगण्य धरलं. बेरीज २,२५० एमबी, मर्यादा २,५६० केली. मेमरी मागायला गेलं की लोक कुरकुरतात, पण ही मेमरी आधीही वापरली जातच होती, होस्टच्या खात्यातून जात होती एवढंच.

मेमरी.हाय (मेमरी.मॅक्स या कडक मर्यादेच्या आधीची मऊ मर्यादा) वरून बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं मॅक्सच्या थोडं खाली हाय लावा म्हणजे ओओएमच्या आधी ब्रेक लागेल. तत्त्व बरोबर आहे, पण हायला टेकलं की रिक्लेम (पानं परत मिळवणं) सुरू, रिक्लेम नीट होईना की व्हीएमप्रेशर वर, ते वर गेलं की सॉकेट_प्रेशर, आणि परत ५,८४० बाइटची विंडो. नेटवर्कवर जगणाऱ्या सर्व्हिसला हाय चिकटून लावलं तर ओओएम टळतो पण अडखळणं कायमचं होऊन बसतं. म्हणून इथे हाय नेहमीच्या वापरापेक्षा बऱ्यापैकी वर ठेवलं, आणि रिक्लेमचं मूळ कारणच कमी केलं: लॉग फाइल फिरवल्या की त्यांच्या जुन्या पानांना पोसिक्स एफॲडव्हाइजने डोन्टनीड सांगायचं, म्हणजे उगाच साठलेलं पेज कॅश आपणहून मोकळं होतं.

डिव्हाइसना कॉन्फिग पाठवणारी मोजकी कंट्रोल कनेक्शन होती, ती दाबाखालीही चालायलाच हवी होती. त्यांच्यासाठी एसओ_रिझर्व्ह_मेम वापरलं, कर्नल ५.१६ मध्ये आलेला पर्याय आहे. यात सॉकेटसाठी ठरावीक मेमरी आधीच सीग्रुपच्या खात्यातून राखून ठेवली जाते, आणि प्रेशर आलं तरी त्या राखीव जागेपुरती विंडो टिकते. नोसॉकेट लावलेल्या मशीनवर हा पर्याय ईऑपनॉटसप (हे इथे चालत नाही) अशी एरर देऊन नकार देतो, कारण राखायला खातंच नाही. म्हणजे नोसॉकेटमुळे शिक्षा जाते तशी सवलतही जाते.

एक गोष्ट मध्येच कळली ती लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाचा वेळ वाचेल. हिशेब चालू केल्यावर एकूण सॉकपैकी थोडा भाग या सर्व्हिसऐवजी तिच्या पुढे बसलेल्या प्रॉक्सीच्या सीग्रुपमध्ये दिसत होता. काही कनेक्शन प्रॉक्सी ॲक्सेप्ट करून त्यांचा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या कनेक्शनचा क्रमांक) युनिक्स सॉकेटवरून सर्व्हिसला देत होता. बफरचं खातं ठरतं ते सॉकेट कोणी बनवला किंवा ॲक्सेप्ट केला यावर, पुढे तो कोणाच्या हातात गेला यावर नाही, आणि प्रोसेस दुसऱ्या सीग्रुपमध्ये हलवली तरी जुने सॉकेट जुन्याच खात्यावर राहतात. ॲक्सेप्टच्या वेळी खातं जोडायचं हेसुद्धा २०२० मधल्या दुरुस्तीनंतर धड झालं, त्याआधीच्या कर्नलवर बाहेरून आलेली कनेक्शन इंटरप्टच्या संदर्भात बनायची आणि बरोबर खात्यावर लागतीलच असं नसायचं. जुनं कर्नल असेल तर सॉकचा कमी आकडा बघून खूश होऊ नका. इथे डिस्क्रिप्टर देणं बंद करून सर्व्हिसलाच लिसनिंग सॉकेटवर ॲक्सेप्ट करायला लावलं.

कर्नलचं व्हर्जनही तपासलं. ६.० च्या आधी प्रत्येक सॉकेट आगाऊ घेतलेली मेमरी बराच काळ स्वतःकडे धरून ठेवायचा, एसकेमेममधला एफ चा आकडा तो, आणि हजारो निवांत सॉकेट असले की हिशेब उगाच फुगायचा. ६.० पासून ती लवकर परत दिली जाते आणि सीपीयूनिहाय छोटा साठा ठेवला जातो. आमचं मशीन त्याच्या पुढचं होतं म्हणून तो मुद्दा सुटला, पण त्याआधीच्या कर्नलवर सॉक जास्त दिसलं तर आधी एफ बघा, मग ॲपला दोष द्या.

ग्लोबल टीसीपी_मेमचं काय करायचं यावर मतभेद आहेत. व्ही२ मध्ये प्रत्येक बाइट दोनदा मोजला जातो, एकदा सीग्रुपमध्ये आणि एकदा ग्लोबलमध्ये, आणि दोन्हीपैकी कुठलीही भिंत आधी लागू शकते. सगळ्या कंटेनरना नीट मर्यादा असतील तर ग्लोबलची रेषा वर सरकवावी या मताचा मी आहे, म्हणजे शिक्षा ज्याची त्याला मिळते आणि शेजाऱ्याला नाही. पण मर्यादा नसलेला एकजरी कंटेनर होस्टवर असेल तर ते करू नये. इथे तसे दोन निघाले, त्यांना आधी मर्यादा लागल्या, मगच टीसीपी_मेम वाढवलं.

नोसॉकेट सगळीकडेच वाईट असंही नाही. मशीनवर एकच सर्व्हिस आहे, सीग्रुप फक्त प्रोसेस एका जागी बांधायला वापरलाय, मेमरी मर्यादा लावायचीच नाहीये, किंवा मोजणीचा खर्च किती पडतो हे बेंचमार्कमध्ये वेगळं काढायचंय, तर तो लावायला हरकत नाही. अनेक टीमच्या सामाईक मशीनवर मात्र नको.

लक्ष ठेवायला डॅशबोर्डवर घेतलं ते असं: प्रत्येक सीग्रुपचं सॉक आणि त्याचं मेमरी.करंटशी प्रमाण, मेमरी.इव्हेंट्समधले हाय आणि मॅक्स, होस्टसाठी सॉकस्टॅटमधलं मेम, आणि एनस्टॅट या नेटवर्कचे काउंटर दाखवणाऱ्या कमांडमधून टीसीपीमेमरीप्रेशर्स, प्रूनकॉल्ड, टीसीपीआरसीव्हीकोलॅप्स्ड, टीसीपीआरसीव्हीक्यूड्रॉप. कोलॅप्स वाढतंय म्हणजे कर्नल छोटी पॅकेट एकत्र दाबून जागा करतंय, प्रून वाढतंय म्हणजे सॉकेट भरलाय, आणि क्यूड्रॉप आला म्हणजे आलेला डेटा फेकून दिला जातोय, पुन्हा पाठवावा लागणार.

शेवटी नोसॉकेट काढून रीबूट केल्यावर मुद्दाम चाचणी घेतली. दुपारच्या कमी लोडच्या वेळी, बाकी टीमना आधी सांगून, सर्व्हिसच्या प्रोसेसला एसआयजीस्टॉप पाठवला, म्हणजे वाचणं एकदम बंद. सॉक चढत गेलं, एकेक सॉकेट आपल्या १ एमबीपर्यंत भरत गेला, मग डिव्हाइसना झिरो विंडो जायला लागली आणि त्यांनी पाठवणं थांबवलं. सॉकचा आलेख एक जीबीच्या जरा खाली सपाट झाला. मेमरी.इव्हेंट्समधला ओओएम हलला नाही, होस्टचं टीसीपीमेमरीप्रेशर्स हललं नाही, शेजारच्या डेटाबेसचं रेप्लिकेशन जागचं ढळलं नाही. मग एसआयजीकंट दिला, प्रोसेसने रांगा उपसल्या, सॉक परत खाली आलं. ॲप टीमने वर्करच्या बाजूलाही एक मर्यादा घातली, स्टोरेज ठरावीक वेळेपेक्षा जास्त अडलं तर नवीन कनेक्शन घेणं थांबवायचं, आणि हीच एसआयजीस्टॉपची चाचणी आता त्यांच्या प्रत्येक मोठ्या रिलीजच्या आधी चालते.